पगाराच्या जोरावर भाड्याने देण्यासाठी घर घेताना

घर विकत घ्यावे, ते भाड्याने द्यावे, भाड्यातून कर्जाचे हप्ते फिटावेत आणि वीस वर्षांनी घर कर्जमुक्त व्हावे, असा बेत पगारदार माणसाच्या मनात कधी ना कधी येऊन जातो. बेत वाईट नाही. मात्र त्यात भाड्यातून हप्ता फिटतोच असे गृहीत धरलेले असते, आणि पुष्कळ ठिकाणी तो फिटत नाही, निदान पहिली काही वर्षे तरी नाही. कमी पडणारी रक्कम दर महिन्याला पगारातून भरावी लागते. तेव्हा या व्यवहारात बँकेच्या दृष्टीने तारण घर असले, तरी खरा जामीन आपला पगार असतो. कोणते घर घ्यावे हा प्रश्न नंतरचा आहे. महिन्याला किती तूट आपण सोसू शकतो, ती किती वर्षे सोसू शकतो आणि मध्येच पगार थांबला तर काय करायचे, याची उत्तरे त्याआधी हाती असायला हवीत.

आधी कागदावर

उदाहरणासाठी घराची किंमत १०० धरू. चलन कोणतेही असू द्या, आपल्याला प्रमाणाशी काम आहे. खरेदीवरचे कर, नोंदणी, वकील, दलाली आणि कर्जाची प्रक्रिया यांत ७ गेले आणि घर राहण्याजोगे करण्यात ३ गेले, तर ते घर आपल्याला ११० ला पडले. बँकेने ७५ कर्ज दिले तर ३५ आपल्या खिशातून जाणार. नवख्या माणसाची पहिली चूक बहुधा येथेच होते: बँक पाऊण हिस्सा देते म्हणून तो पाव हिस्सा साठवतो, आणि ऐन वेळी वरचे १० उभे करण्यासाठी वैयक्तिक कर्जाकडे किंवा क्रेडिट कार्डाकडे वळतो. ज्या खरेदीची सुरुवातच अशा महाग पैशाने करावी लागते, ती वर्षभर पुढे ढकललेली बरी.

आता भाडे पाहू. महिन्याला ०.५, म्हणजे वर्षाला ६ भाडे येईल असे दलाल सांगतो आणि ६ टक्के परतावा असे कागदावर लिहून देतो. तो आकडा खोटा नसतो, पण ढोबळ असतो. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत घर रिकामे राहते. त्यासाठी वर्षातला एक महिना सोडून द्यावा, म्हणजे ५.५ उरतात. मालमत्ता कर आणि इमारतीचा देखभाल खर्च मिळून ०.९ धरा, डागडुजीसाठी भाड्याचा दहावा हिस्सा म्हणजे ०.६, विम्याचे ०.१, आणि नवा भाडेकरू आणण्याची दलाली, करारनामा व मधूनमधून करावे लागणारे रंगकाम यांचे ०.४. हे २ वजा केल्यावर हाती ३.५ राहतात. शिवाय हा परतावा १०० वर मोजायचा नाही, कारण घरात एकूण ११० अडकले आहेत; त्या हिशेबाने तो जेमतेम ३.२ टक्के होतो, आणि त्यातून प्राप्तिकर अजून वजा केलेला नाही. ६ टक्क्यांचे ३.२ टक्के होण्यासाठी कोणतेही संकट यावे लागले नाही, हे ध्यानात घ्यावे.

कर्ज ७५, व्याज ८ टक्के आणि मुदत २० वर्षे असेल तर मासिक हप्ता सुमारे ०.६३ बसतो, म्हणजे वर्षाला ७.५३. भाड्यातून ३.५ येतात, तेव्हा वर्षाची तूट ४.०३. ही सगळीच तूट म्हणजे नुकसान, असे मात्र नाही. पहिल्या वर्षाच्या हप्त्यांपैकी ५.९४ व्याजात जातात आणि १.५९ मुद्दल फेडतात. मुद्दल फेडणे ही एक प्रकारची सक्तीची बचतच आहे. ती वगळली की उरतात २.४४, आणि हा मात्र निव्वळ खर्च आहे. तो आपण पुढे भाडे वाढेल, घराची किंमत वाढेल या अपेक्षेपोटी करतो. अपेक्षेची ही वार्षिक किंमत आकड्यात लिहून समोर ठेवली की सौदा पाहताना डोके थंड राहते.

हाच हिशेब उलट्या बाजूनेही करून पाहावा. घराने स्वतःचा हप्ता स्वतः भरावा अशी अट घातली, तर ३.५ इतक्या निव्वळ भाड्यात, त्याच दराने आणि त्याच मुदतीत, साधारण ३५ इतकेच कर्ज फिटते. म्हणजे स्वतःचे ७५ घालावे लागतील. वर कर्ज ७५ आणि आपले ३५ होते. घर स्वतःच्या पायावर उभे करायचे तर दोन्ही आकड्यांची थेट अदलाबदल होते. आकडे असे नेमके उलटले हा योगायोग आहे, पण भाडे आणि व्याजदर यांच्यात एवढे अंतर असलेल्या बाजारात साध्या पगारावर ‘भाड्यातून हप्ता’ हे गणित का जुळत नाही, ते त्यातून नीट दिसते. निव्वळ परतावा कर्जाच्या व्याजदरापेक्षा कमी असेल, तर जितके कर्ज जास्त तितका दर वर्षीचा खड्डा मोठा.

अमेरिकेतील गुंतवणूकदारांमध्ये दोन ठोकताळे प्रचलित आहेत. महिन्याचे भाडे खरेदी किमतीच्या निदान १ टक्का असावे, हा पहिला. आणि हप्ता सोडून बाकीच्या खर्चात निम्मे भाडे जाते असे धरून चालावे, हा दुसरा. पहिला ठोकताळा अनेक महागड्या शहरांत लागूच पडत नाही, म्हणून तो नियम मानू नये. दुसरा मला अधिक उपयोगी वाटतो. वरच्या उदाहरणात रिकामा महिना आणि खर्च मिळून भाड्याचे ४२ टक्के गेले, आणि त्यात मोठी दुरुस्ती एकही नव्हती. कोणी १५ टक्के खर्चाचा तक्ता दाखवत असेल, तर त्यात काय लिहायचे राहिले आहे ते विचारावे.

किंमत वाढेल या अपेक्षेबद्दलही थोडे सांगायला हवे. १६ प्रगत देशांची १८७० ते २०१५ या काळातील आकडेवारी तपासणारा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. महागाई वजा जाता घरांचा दीर्घकालीन सरासरी परतावा वर्षाला सुमारे ७ टक्के, म्हणजे शेअरबाजाराच्या तोडीचा असल्याचे त्यात आढळले, आणि त्यातला मोठा वाटा किंमतवाढीचा नव्हे, तर भाड्याचा होता. पण ही सरासरी देशोदेशीच्या सगळ्या घरांची आहे. आपण घेतो ते एक घर, एका गल्लीतले. आयर्लंडमध्ये २००७ नंतरच्या पाच-सहा वर्षांत घरांच्या किमती सुमारे निम्म्यावर आल्या. जपानमध्ये १९९१ च्या सुमारास जमिनीचे भाव उतरू लागले ते दशकाहून अधिक काळ उतरतच राहिले. आपल्या उदाहरणातल्या घराची किंमत केवळ २० टक्क्यांनी उतरली तर काय होते ते पाहा: घर ८० चे झाले, कर्ज जवळपास ७५ तसेच आहे, आणि आपण घातलेल्या ३५ पैकी ५ सुद्धा धडपणे हाती राहत नाहीत, कारण विक्रीचा खर्च निघायचा असतो. कर्जाने नफा वाढतो तसा तोटाही वाढतो, हे वाक्य सगळ्यांना पाठ असते; ते अशा आकड्यांत एकदा लिहून पाहिलेले असत नाही.

पगाराला किती पेलवेल

वरच्या हिशेबात पगाराचा आकडा घालू. वार्षिक पगार २० आहे, म्हणजे घराची किंमत पाच वर्षांच्या पगाराइतकी आहे, आणि पगाराचा पाचवा हिस्सा म्हणजे ४ दर वर्षी शिल्लक पडतात, असे माना. व्याज सोडून दिले तर ३५ साठायला जवळजवळ नऊ वर्षे लागतील. घर घेतले की वर्षाची तूट ४.०३, म्हणजे जेवढी बचत होती तेवढीच सगळी घराकडे वळली. घरात आजारपण आले, नोकरीत खंड पडला, भाडेकरूने दोन महिने भाडे थकवले, तर भरपाईला काही नाही. आणि बदलत्या दराचे कर्ज ८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेले तर वर्षाचा हप्ता ८.६९ होतो, तूट ५.१९ वर जाते आणि बचतीत ती मावत नाही. बँक हे कर्ज मंजूर करील. मी हे घर घेऊ नका असे सांगेन.

त्याच पगारात ६० चे घर पाहावे. सगळी प्रमाणे तीच ठेवली तर ते ६६ ला पडेल, कर्ज ४५, स्वतःचे २१ आणि वर्षाची तूट साधारण २.४. चारपैकी १.६ उरतात, आणि व्याजदर २ टक्क्यांनी वाढला तरी तूट ३.१ च्या आसपास राहते. घर लहान असेल, जुने असेल, गावाच्या कडेला असेल. पण रात्री झोप लागेल. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण खर्चासाठी सांगितली जाते, ती कर्जालाही तितकीच लागू आहे.

गंगाजळीचा हिशेब घराच्या पैशांत मिसळू नये. स्वतःच्या कुटुंबाचा सहा महिन्यांचा खर्च आणि त्या कर्जाचे सहा हप्ते एवढी रक्कम, खरेदीचे सगळे पैसे चुकते केल्यानंतर, बँकेत वेगळी पडून असावी. ज्याच्याकडे ती मुळातच नाही त्याला ६० च्या घरासाठी २१ नव्हे, तर सुमारे ३१ साठवावे लागतील, म्हणजे पाच वर्षांच्या ऐवजी आठ. हा आकडा ऐकून हिरमोड होतो हे मला कळते. या काळात पगार वाढेल, साठलेल्या पैशावर व्याज मिळेल, तसेच घरांच्या किमतीही वर जातील. पण गंगाजळी नसताना घेतलेले घर पहिल्याच अडचणीत, पडेल त्या भावाला विकावे लागते, आणि या क्षेत्रात पगारदारांचे पैसे बुडतात ते बहुतेक वेळा असेच. चुकीच्या घराने बुडणाऱ्यांपेक्षा, योग्य घर धरून ठेवायला पैसे न उरलेल्यांची संख्या मोठी असावी, असा माझा समज आहे.

पैसे लवकर जमवण्याची वाट एकच प्रामाणिक आहे: महागडी देणी आधी संपवणे. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा वैयक्तिक कर्ज शिल्लक असताना घरासाठी बचत करणे म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणे आहे. ती देणी फिटली की हप्त्याची तीच रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात वळती करावी. एक उपाय आणखी सुचवतो. नियोजित घराची मासिक तूट जितकी येणार आहे, तितकी रक्कम खरेदीच्या आधी सलग वर्षभर बाजूला टाकून पाहावी. बारा महिन्यांत एकदाही तिला हात लावावा लागला नाही, तर आपला पगार ती तूट पेलतो असे समजावे. तिसऱ्या महिन्यातच त्या खात्यातून पैसे काढावे लागले, तर उत्तर फुकटात मिळाले.

ज्यांना एवढे थांबवत नाही त्यांच्यासाठी एक मधला रस्ता आहे, आणि साध्या पगाराच्या माणसासाठी मला तो सर्वांत व्यवहार्य वाटतो. स्वतः राहण्यासाठी असे घर घ्यावे, ज्याची एक खोली, वरचा मजला किंवा स्वतंत्र दार असलेला भाग भाड्याने देता येईल. आपण स्वतः भरत असलेले भाडे वाचते, थोडे भाडे येते, आणि स्वतः राहण्याच्या घरासाठी अनेक ठिकाणी कर्ज कमी दराने मिळते. भाडेकरू भिंतीपलीकडे असल्याने घरमालकीचे शिक्षणही जवळून होते. मात्र घराचा भाग भाड्याने देणार असल्याचे बँकेला आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. स्वतः राहणार असे लिहून देऊन संपूर्ण घर भाड्याने देणे ही पळवाट नसून फसवणूक ठरू शकते, आणि आगीसारख्या प्रसंगी विमा नाकारला गेला की दोन-चार दशांश टक्क्यांची ती बचत फार महागात पडते.

भावंडांनी किंवा मित्रांनी मिळून घर घ्यायचे असेल, तर कोणाचा हिस्सा किती, एकाला बाहेर पडायचे झाल्यास किंमत कशी ठरवायची आणि एकाचा हप्ता चुकल्यास दुसऱ्याने काय करायचे, हे खरेदीच्या आधी लिहून घ्यावे. बँकेच्या लेखी सहकर्जदार हा बहुधा संपूर्ण कर्जाला जबाबदार असतो, अर्ध्या कर्जाला नव्हे. अगदी थोड्या पैशात या क्षेत्राचा अनुभव घ्यायचा असेल, तर रीट नावाचे न्यास आहेत. अमेरिकेत १९६० च्या कायद्याने ते सुरू झाले आणि आता अनेक देशांत आहेत. ते इमारती भाड्याने देतात आणि उत्पन्नाचा बहुतांश भाग, अमेरिकेत करपात्र उत्पन्नाचा निदान ९० टक्के, गुंतवणूकदारांना वाटतात. त्यांत नळ गळण्याचे फोन येत नाहीत, पण भाव रोज वरखाली होतो.

घर आणि परिसर

भाड्याने देण्याचे घर स्वतःच्या आवडीने निवडू नये, कारण त्यात आपण राहणार नाही. ते कोण भाड्याने घेईल हे आधी ठरवावे: परगावाहून आलेले विद्यार्थी, नवविवाहित जोडपे, रुग्णालयात पाळीने काम करणारी परिचारिका, शाळेजवळ राहू पाहणारे कुटुंब. भाडेकरू डोळ्यांसमोर आला की बस किंवा रेल्वे किती अंतरावर हवी, किती खोल्या हव्यात आणि कोणत्या सोयी नसल्या तरी चालतील, हे आपोआप ठरते. एक किंवा दोन शयनखोल्यांच्या घराला बहुधा गिऱ्हाईक लवकर मिळते आणि ते रिकामे झाले तरी खिशाला बसणारा फटका लहान असतो.

भाड्याचा अंदाज विक्रेत्याकडून घेऊ नये, आणि जाहिरातीतल्या मागणीवरूनही घेऊ नये. त्याच इमारतीत किंवा शेजारी राहणाऱ्या भाडेकरूंना ते प्रत्यक्ष किती देतात ते विचारावे. बहुतेक लोक सांगतात. दोन-तीन महिने त्या परिसरातल्या भाड्याच्या जाहिराती तारखेसह टिपून ठेवाव्यात. कोणती जाहिरात किती दिवसांनी निघाली आणि कोणत्या जाहिरातीतले भाडे मध्येच कमी केले गेले, यावरून घर किती काळ रिकामे राहील याचा जो अंदाज येतो, तो कोणत्याही अहवालापेक्षा पक्का असतो. परिसर सकाळी पाहावा तसा रात्री दहा वाजता पाहावा, सुटीच्या दिवशी पाहावा, आणि शक्य असेल तर मुसळधार पावसात आवर्जून पाहावा.

एका गोष्टीकडे नोकरदारांचे हमखास दुर्लक्ष होते. आपण ज्या कारखान्यात किंवा ज्या उद्योगात काम करतो, त्याच्याच शेजारी घर घ्यायचे आणि तिथल्याच कामगारांना भाड्याने द्यायचे, हे सोयीचे वाटते, कारण परिसर ओळखीचा असतो आणि भाडेकरू सहज मिळतात. पण तो उद्योग बसला तर आपला पगार, आपले भाडे आणि आपल्या घराची किंमत ही तिन्ही एकाच महिन्यात खाली येतात. पगार ज्या खांबावर उभा आहे, भाडे त्याच खांबावर उभे करू नये. एकाच मोठ्या मालकाच्या जोरावर जगणाऱ्या गावात तर बाहेरच्या माणसानेही जपून पाऊल टाकावे. याच कारणाने, परतावा आसपासच्या घरांपेक्षा खूपच जास्त दिसत असेल तर किंमत इतकी कमी का, याचा शोध आधी घ्यावा. उत्तर सापडले आणि ते आपल्याला चालणारे असले, तरच पुढे जावे.

घरात शिरल्यावर रंग आणि फरशी पाहण्यात वेळ घालवू नये. पाणी कोठून येते आणि कोठे मुरते ते पाहावे. छप्पर, नळजोडणी व सांडपाण्याचे पाइप, वीजजोडणी आणि भिंतींतली ओल यांतच दुरुस्तीचे मोठे आकडे दडलेले असतात. नुकताच रंग दिलेली एकच भिंत किंवा छताचा एकच कोपरा दिसला तर तिथे हात लावून पाहावा. स्वतःला यातले कळत नसेल तर माहीतगार अभियंत्याला पैसे देऊन न्यावे. इमारत सामायिक असेल तर तिच्या व्यवस्थापनाच्या मागच्या काही बैठकांचे इतिवृत्त मागून वाचावे. लिफ्ट बदलायची आहे किंवा छताचे काम निघाले आहे, हे त्यात लिहिलेले असते आणि खर्चाचा वाटा नव्या मालकाच्या गळ्यात पडतो. बांधकाम चालू असलेले घर पहिल्या गुंतवणुकीसाठी टाळावे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण कर्जाचे व्याज आज सुरू होते आणि भाडे ताबा मिळाल्यावर, आणि ताबा कधी मिळेल हे आपल्या हातात नसते.

कागदपत्रांबाबत थोडक्यात सांगतो. मालकी हक्काची साखळी कोठे तुटलेली नाही ना, घरावर गहाण किंवा अन्य बोजा नाही ना, कर व देखभाल थकलेली नाही ना, बांधकामाला परवानगी होती ना आणि आत कोणी जुना भाडेकरू हक्क सांगून बसलेला नाही ना, हे आपण स्वतः नेमलेल्या वकिलाकडून तपासून घ्यावे. बँक करते ती तपासणी बँकेच्या पैशाच्या रक्षणासाठी असते. बयाणा देण्याआधी, कर्ज नामंजूर झाले किंवा हक्कात दोष निघाला तर तो परत मिळेल, असे कलम लिहून घ्यावे. कर्ज घेताना व्याजदर केव्हा आणि कशाच्या आधारे बदलतो, दर वाढला की बँक हप्ता वाढवते की मुदत लांबवते, आणि मुदतीआधी फेडल्यास दंड आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत.

कायदा आणि कर हे ठिकाणानुसार बदलतात, आणि वेळेनुसारही बदलतात. ब्रिटनमध्ये घरमालकांना कर्जावरचे संपूर्ण व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा करता येत असे. २०१७ पासून ती सवलत टप्प्याटप्प्याने काढली गेली आणि २०२० पासून तिच्या जागी मूळ दराने, म्हणजे २० टक्के, करसूट उरली. भाडे तेच, हप्ता तोच, पण वरच्या करगटातल्या अनेकांचे गणित उलटले. बर्लिनने २०२० मध्ये भाड्यांवर कमाल मर्यादा घातली आणि पुढच्याच वर्षी जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ती रद्दही केली. म्हणून एखाद्या करसवलतीमुळेच जुळणारा सौदा हा न जुळणारा सौदा समजावा. सवलत हिशेबातून काढून टाकल्यावरही तूट पेलवत असेल, तर सवलत वरकमाई.

भाडेकरू

चांगल्या भाडेकरूसाठी महिनाभर घर रिकामे ठेवले तर वर्षाच्या भाड्याचा बारावा हिस्सा जातो. वाईट भाडेकरू घाईने आणला तर थकलेले भाडे, नुकसान आणि वकील यांत वर्षभराचे भाडे जाऊ शकते. तरीही हप्ता जवळ आला की घरमालक घाई करतो, आणि ती करावी लागू नये यासाठीच मघाची गंगाजळी असते. उत्पन्नाचा पुरावा पाहावा. भाडे उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून फार अधिक असेल तर भरणाऱ्याची इच्छा चांगली असूनही भाडे थकते. आधीच्या घरमालकाशी बोलावे, आणि जमले तर त्याच्याही आधीच्या घरमालकाशी. सध्याचा घरमालक त्रासदायक भाडेकरूपासून सुटका व्हावी म्हणून त्याची स्तुती करण्याचा संभव असतो. आधीच्याला तशी गरज नसते. निकष मात्र सगळ्यांना एकच लावावेत. धर्म, जात, वंश किंवा वैवाहिक स्थिती पाहून घर नाकारणे अन्यायाचे आहे, अनेक देशांत यातल्या बऱ्याच गोष्टींवर कायद्याने बंदी आहे, आणि त्यातून चांगला भाडेकरूही हातचा जातो.

ओळखीच्या माणसाला, नातेवाइकाला दिले तरी करारनामा लेखीच असावा. भाडे, ते देण्याची तारीख, अनामत रक्कम आणि ती कशातून कापली जाईल, वाढ केव्हा व किती, कोणती दुरुस्ती कोणाकडे आणि घर सोडण्याची सूचना किती दिवसांची, हे त्यात स्पष्ट हवे. ताबा देताना प्रत्येक खोलीची तारखेसह छायाचित्रे घ्यावीत, सामानाची यादी करून दोघांनी सही करावी आणि मीटरचे आकडे टिपावेत. अनामत रक्कम हा आपला पैसा नव्हे. ती वेगळ्या खात्यात पडून असावी. इंग्लंडमध्ये ती ३० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवण्याचे बंधनच घरमालकावर आहे. तसे बंधन नसलेल्या ठिकाणीही ही शिस्त पाळावी, नाहीतर भाडेकरू घर सोडतो त्याच महिन्यात, भाडे बंद झालेले असताना, अनामत परत करण्यासाठी उसनवारी करावी लागते.

भाडे थकले तर पहिल्याच आठवड्यात, शांतपणे आणि लेखी विचारणा करावी. नोकरी गेली असेल तर तारखांसह हप्ते ठरवून द्यावेत. तेही पाळले गेले नाहीत तर कायद्याने सांगितलेली नोटीस ताबडतोब द्यावी. कुलूप बदलणे, वीज-पाणी तोडणे किंवा सामान बाहेर काढणे हे बहुतेक ठिकाणी बेकायदेशीर आहे आणि बाजू आपली असूनही खटला आपल्यावर होतो. दुसऱ्या बाजूने, गळती कळवल्यावर दोन दिवसांत माणूस पाठवणारा घरमालक भाडेकरू सहसा सोडत नाही. वेळेवर भाडे देणाऱ्याकडून बाजारभावाची शेवटची पैही वसूल करू नये. त्याचे भाडे चार-पाच टक्क्यांनी कमी ठेवले तरी एक रिकामा महिना आणि एक दलाली वाचल्यावर आपण नफ्यातच राहतो.

पहिल्या वर्षानंतर

घराचे खाते पगाराच्या खात्यापासून वेगळे ठेवावे: भाडे त्यातच यावे, हप्ता व खर्च त्यातूनच जावेत आणि तूट म्हणून ठरवलेली रक्कम पगारातून दर महिन्याला त्यात जमा व्हावी. वर्ष संपले की खरेदीपूर्वी केलेला कागद काढून प्रत्येक ओळीसमोर प्रत्यक्ष आकडा लिहावा. दुरुस्तीचा आणि रिकाम्या दिवसांचा अंदाज सर्वांत जास्त चुकलेला असतो. एखाद्या वर्षी दुरुस्ती निघाली नाही म्हणून ते ०.६ खर्च करू नयेत. पाण्याची टाकी, वीजजोडणी किंवा बाहेरचा रंग यांचे वर्ष पुढे येणारच असते.

पगारवाढ किंवा बोनस हाती आला तर तो मुद्दलात भरावा की दुसऱ्या घरासाठी साठवावा, हा प्रश्न साधारण दोन-तीन वर्षांनी येतो. वरच्या दराने, सुरुवातीच्या काळात, १ इतके मुद्दल आगाऊ फेडले की वर्षाचा हप्ता सुमारे ०.१ ने कमी करून घेता येतो; ६० च्या घराची २.४ ही तूट अशा रीतीने पाच भरल्यावर १.९ वर येते. पुष्कळ बँका हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात, आणि व्याज वाचवण्याच्या दृष्टीने ते फायद्याचेही असते. परंतु ज्याला महिन्याची ओढाताण जाणवते त्याने हप्ताच कमी करून मागावा आणि तसे अर्जात लिहावे. दुसऱ्या घराचा विचार पहिल्या घराचे सलग दोन वर्षांचे प्रत्यक्ष आकडे हाती असतील, गंगाजळी दोन्ही घरांच्या सहा-सहा हप्त्यांना पुरेल इतकी असेल आणि पहिल्या घराची तूट बचतीच्या चौथ्या हिश्शाखाली आली असेल, तेव्हा करावा.

विकायची वेळही अशीच ठरवून ठेवावी. परिसरातली मागणी आटून सलग दोन वर्षे घर तीन-तीन महिने रिकामे राहिले, इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा वाटा दोन वर्षांच्या निव्वळ भाड्यापेक्षा जास्त निघाला किंवा नोकरीनिमित्त आपल्यालाच दूर जावे लागून घराकडे पाहणारे कोणी उरले नाही, तर कर, दलाली आणि उरलेले कर्ज वजा जाता हाती किती येईल ते मांडावे, आणि तीच रक्कम नुसती मुदतठेवीत ठेवली तर वर्षाला काय देईल, हे त्याशेजारी लिहावे.